सेल त्यांचा, हिशेब आपला

आषाढ लागला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे पावसाची झड आणि दुसरी म्हणजे कापड दुकानांवरचे सेलचे फलक. बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीपासून निपाणी-चिकोडीच्या पेठेपर्यंत एकच मजकूर दोन भाषांत झळकू लागतो. मराठीत 'एकावर एक मोफत' आणि कन्नडमध्ये 'ओंदु कोंडरे ओंदु उचित'. आपण सीमाभागातली माणसे. दोन्ही पाट्या वाचतो आणि दोन्ही पाट्यांना भुलतो! पुढे दसरा-दिवाळी येते, नवे वर्ष येते, प्रजासत्ताक दिन येतो. सेलला ठरावीक महिना असा आता राहिलेलाच नाही. त्यात भर मोबाईलवर रोज येऊन पडणाऱ्या कूपनांची.

वर्षभर इतकी सवलत मिळत असेल, तर महिनाअखेरीला डब्यात काही शिल्लक का राहत नाही? हा प्रश्न घरोघरी आहे. पगारदाराच्या घरी आहे, तसाच हातमागावर पोट असणाऱ्याच्या घरीही आहे. उत्तर साधे आहे. सवलत मोजली जाते ती छापील किमतीपासून आणि ती किंमत माल विकणाऱ्याने स्वतःच ठरवलेली असते. बचत मात्र आपण हाच जिन्नस गेल्या महिन्यात कितीला घेतला होता आणि या महिन्यात तो लागणार आहे का, यावरून ठरते. हे पहिले माप दुकानदाराचे आणि दुसरे आपले. आपण त्याच्या मापाने मोजतो आणि आपले पैसे वाचले असे समजतो, तिथे सगळी गल्लत होते.

'गरिष्ठ' किंमत

पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीला, म्हणजे आपण सगळे जिला एमआरपी म्हणतो तिला, कन्नडमध्ये 'गरिष्ठ चिल्लरे माराट बेले' म्हणतात. कन्नडमध्ये गरिष्ठ म्हणजे कमाल. आपल्या मराठीत गरिष्ठ म्हणजे पचायला जड! पुष्कळ वेळा दोन्ही अर्थ एकाच पाकिटाला लागू पडतात.

ही छापील किंमत आपल्या देशात सर्व करांसह छापण्याची पद्धत १९९० पासून आली. त्याआधी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असे लिहिलेले असायचे आणि त्या नावाखाली काही दुकानदार मनाला येईल तेवढे पैसे लावत. ती लूट थांबावी म्हणून वरची मर्यादा आली. म्हणजे मूळ हेतू ग्राहकाच्या भल्याचा. पण ही मर्यादा आहे, रास्त भाव नव्हे, हे आपण विसरतो. कायदा एवढेच म्हणतो, की यापेक्षा जास्त घेऊ नका. किती छापायची हे उत्पादकच ठरवतो. मग आधीच भरपूर छापून ठेवायची आणि तिच्यावर ३० टक्के सूट द्यायची, यात दुकानाचे काय जाते?

एक उदाहरण घेऊ. समजा, एक किलो तूरडाळीच्या पाकिटावर २१० रुपये छापले आहेत आणि सेलमध्ये ती १५० ला मिळते. फलकावर लिहिलेले असते, 'साठ रुपये वाचवा'. तीच प्रत रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात सुटी १४० ला मिळत असेल, तर सेलमध्ये आपले साठ वाचले नाहीत, उलट दहा जास्त गेले. ही गोष्ट १४० हा आकडा ठाऊक असणाऱ्यालाच कळते. ज्याला तो ठाऊक नाही, तो साठ रुपये वाचवल्याच्या आनंदात आणखी एक पाकीट पिशवीत टाकतो.

कूपनाचा जन्म

कूपन ही मूळची अमेरिकेची चीज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोका-कोला या पेयाच्या मालकांनी एक पेला फुकट मिळण्याची चिठ्ठी लोकांत वाटली. पुढे १९३० च्या दशकातल्या महामंदीत, घरात पैशाची चणचण असताना, वर्तमानपत्रातली कूपने कात्रीने कापून ठेवणे हे तिथल्या गृहिणींचे नेहमीचे काम होऊन बसले.

अर्थशास्त्र शिकवताना 'मूल्यभेद' नावाचा धडा येतो, तो या कूपनामुळे चटकन समजतो. दुकानदाराला दोन प्रकारची गिऱ्हाईके असतात. एकाला दोन-पाच रुपयांची फिकीर नसते. दुसरा चार दुकाने फिरून पाहणारा असतो. दोघांना एकाच भावाने माल दिला, तर पहिल्याकडून मिळणारा जादा नफा बुडतो किंवा दुसरा गिऱ्हाईक हातचा जातो. मग काय करायचे? भाव चढा ठेवायचा आणि जो कूपन शोधील, कापील, जपील, वेळेवर आणील, त्याला कमी करून द्यायचा. म्हणजे कूपनाची सवलत फुकट नसते. ती आपल्या वेळेची आणि चिकाटीची मजुरी असते.

हे एकदा समजले, की कूपनाशी कसे वागायचे तेही समजते. जो जिन्नस आपण घेणारच होतो, त्याचे कूपन असेल तर जरूर वापरावे, ती आपली कमाई आहे. पण कूपन आहे म्हणून जिन्नस घेतला, तर ती मजुरी आपणच दुकानदाराला दिल्यासारखी होते.

चार गणिते

सेलच्या पाटीवरचे आकडे खोटे नसतात. ते फक्त आपल्याला घाईत वाचायला लावतात. जरा सावकाश वाचून पाहू.

पहिले गणित : '५० टक्के अधिक २० टक्के सूट'. आपण मनातल्या मनात ७० टक्के धरतो. हजाराच्या साडीवर ५० टक्के गेले की उरले ५००. पुढचे २० टक्के या पाचशेवर, म्हणजे १००. साडी पडली ४०० ला. सूट झाली ६० टक्के. तीही चांगलीच आहे, पण ७० नव्हे.

दुसरे गणित : 'दोनावर एक मोफत'. ही सूट ३३ टक्के, तीही तिन्ही नग वापरले गेले तरच. टोमॅटो सॉसच्या तीन बाटल्या चौघांच्या घरात किती महिने पुरतील? मुदत कधी संपते? मोफत मिळालेली बाटली शेवटी मोरीत ओतली, तर दोन बाटल्या पूर्ण भावाने घेतल्या असाच हिशेब झाला.

तिसरे गणित : 'अडीच हजारांच्या खरेदीवर पाचशेचे कूपन'. बारीक अक्षरात खाली लिहिलेले असते, की पुढच्या वेळी दर हजाराच्या खरेदीवर १०० रुपये वळते होतील. म्हणजे पाचशे वसूल करायला आणखी पाच हजारांची खरेदी करायला हवी. एकूण माल साडेसात हजारांचा आणि सूट पाचशे. टक्केवारी काढली तर सातसुद्धा भरत नाही. जाहिरातीकडे पाहून मात्र वाटले होते, की अडीच हजारांवर पाचशे म्हणजे २० टक्के!

चौथे गणित सर्वांत महाग पडते. घरून निघताना यादी १,८०० ची होती. दुकानात कळले, की २,५०० चा बाजार केला तर २०० रुपये सूट आहे. मग ७०० रुपयांचे चिवडे, बिस्किटे, एक प्लास्टिकचा डबा घेतला. बिल झाले २,३००. दोनशे वाचवायला गेलो आणि ५०० जास्त घालवून आलो. दर महिन्याला असे झाले तर वर्षाचे सहा हजार. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या राज्यात गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, तेव्हा घरच्या कर्त्या बाईसाठी महिन्याला दोन हजार रुपये ठरले. त्या मापाने पाहिले तर हे तीन महिन्यांचे पैसे झाले. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, छत्र्या एकदम समोर येतात, तेव्हा हेच सहा हजार कुणाकडे तरी मागायची पाळी येते.

मोबाईलवरच्या खरेदीतही हीच गणिते आहेत, फक्त पेहराव वेगळा. 'दहाच मिनिटे उरली' असे घड्याळ पळत असते. शेवटच्या पायरीवर पोचवण्याचा आकार नव्याने उगवतो. आपण न मागितलेली वस्तू टोपलीत येऊन बसते. या क्लृप्त्यांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पण आपले पैसे सांभाळणारा पहिला पहारेकरी आपणच. पैसे भरण्याआधी टोपली एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी.

भाववही

या सगळ्यावर उपाय एकच आणि तो अगदी स्वस्त आहे. दहा-वीस रुपयांची एक लहान वही. तिला भाववही म्हणू या. घरात नेहमी लागणारे वीस-पंचवीस जिन्नस असतात : तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, तेल, साखर, चहा, साबण, धुण्याची पावडर वगैरे. प्रत्येकाला अर्धे पान द्यावे. घेतल्याची तारीख, दुकान, वजन, दिलेले पैसे आणि किलोचा किंवा लिटरचा भाव, एवढेच लिहायचे. तीन महिन्यांत कुठला भाव खरा आणि कुठली सूट दिखाऊ, हे वहीच बोलू लागते.

वजन लिहायला विसरू नये. पूर्वी चहा, बिस्किटे, साबण पावडर अशा बऱ्याच मालाची पाकिटे ठरावीक वजनातच भरावी लागत. २०२१ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि ते बंधन काढण्यात आले. आता पाकीट कितीही वजनाचे असू शकते. किंमत तीच ठेवून आतला माल थोडा थोडा घटवणे ही नेहमीची युक्ती आहे. दहा रुपयांचा पुडा दहालाच मिळतो, बिस्किटे मात्र दोन कमी असतात. त्याच दुरुस्तीत एक चांगली गोष्टही झाली. पाकिटावर एका ग्रॅमची, किलोची किंवा मिलिलिटरची किंमत छापण्याचा नियम आला. अक्षरे बारीक असतात, पण चष्मा लावून ती ओळ जरूर वाचावी. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते हा समज तिथे कधी कधी गळून पडतो. समजा, ४०० ग्रॅमचे पाकीट ९२ रुपयांना आहे, तर ग्रॅमला २३ पैसे पडले. ९०० ग्रॅमचे २१६ ला असेल, तर ग्रॅमला २४ पैसे. मोठेच महाग!

वहीत तारीख का हवी, याचेही कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल अशा वस्तूंवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे आधी करासह शंभराला मिळणारी वस्तू निव्वळ कर घटल्याने साधारण ८९ रुपयांना यायला हवी. हे अकरा रुपये सरकारने सोडलेले आहेत. कुणी ते 'आमची खास सवलत' म्हणून दाखवू लागला, तर जुनी नोंद उघडून पाहावी. त्या तारखेपूर्वीच्या आणि नंतरच्या भावांची तुलनाही सांभाळून करावी.

आपले जुने सेल

आपल्या आज्यांनी कूपन पाहिले नव्हते, पण सेल त्यांना चांगला माहीत होता. त्यांचा सेल म्हणजे सुगी. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी भरायची पद्धत त्यातूनच आली. शाळू निघाला की ज्वारी, मार्च-एप्रिलमध्ये गहू, नव्या वर्षाच्या सुरुवातीला कलबुर्गीकडची नवी तूर, गुऱ्हाळे चालू असताना गूळ आणि मे सरायच्या आत ब्याडगी नि संकेश्वरी मिरची. माल बाजारात भरपूर येतो तेव्हा भाव उतरतो. इथे सूट कुणी छापत नाही, ती आवकेमुळे पडते.

आज जागा लहान, घरे बंद, कीड-बुरशीची भीती. सगळे वर्षाचे भरणे सर्वांना जमणार नाही. पण मिरची, चिंच, गूळ आणि एखादी डाळ तीन-चार महिन्यांची भरून ठेवणे फ्लॅटमध्येही जमते. दोन-तीन घरांनी मिळून एक पोते आणले आणि वाटून घेतले, तर घाऊक भाव मिळतो. भिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नको. भाजीचेही तसेच. खासबागेच्या रविवारच्या बाजारात किंवा गावच्या संतेत उन्हे उतरल्यावर गेले, तर 'एष्ट्री?' विचारायच्या आत भाव खाली आलेला असतो. तरीही आपण 'स्वल्प कडिमे माडरी' म्हणतोच. ते कूपन आपल्या तोंडातच असते आणि त्याची मुदत कधी संपत नाही.

जिथे सेल खरा असतो

सगळे सेल फसवे असतात असे अजिबात नाही. दुकानदाराला माल खरोखर हलवायचा असतो, तेव्हाचा सेल खरा. आषाढात लग्ने नाहीत, गिऱ्हाईक नाही आणि पुढे श्रावण, गौरी-गणपतीचा नवा माल भरायचा आहे. म्हणून आषाढातली कापडाची सूट बहुधा खरी असते. घरात मार्गशीर्षात लग्न ठरलेले असेल, तर आहेराच्या साड्या, टॉवेल, चादरी तेव्हाच घ्याव्यात. पाऊस संपताना छत्र्या-रेनकोट, थंडी सरताना स्वेटर, उन्हाळा उतरताना पंखे-कूलर, हाही त्याच जातीचा सेल. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर मिळणारी सूटही घेण्यासारखी.

दुसरीकडे, गर्दी जमवण्यासाठी काढलेले सेल असतात. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला, तेव्हा गर्दी इतकी उसळली, की काही ठिकाणी दुकाने मध्येच बंद करावी लागली. आपल्या देशातल्या सुट्टीच्या दिवसाच्या सेलची मोठी चाल तिथून पडली. अशा दिवशी दाराशी ठेवलेली साखर किंवा तेल खरोखरच स्वस्त असते. ते आपल्याला आत ओढण्यासाठी असते आणि नफा आतल्या मांडणीवर काढलेला असतो. यादी हातात असेल, तर तेल-साखर घेऊन सरळ बाहेर यावे. त्यात संकोच कसला?

बिल जपून ठेवा

सेलच्या मालाला कायदा लागू नाही, अशी एक समजूत आहे. ती चूक आहे. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणे ही त्यानुसार अनुचित प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे हीसुद्धा. तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कन्नडमध्ये असो की मराठीत, उसवलेल्या किंवा बिघडलेल्या वस्तूला ती लागू होत नाही. रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणे वेगळे, तो दुकानदाराच्या मर्जीचा भाग.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छापील किमतीत सर्व कर आलेले असतात. तिच्यावर सूट देऊन पुन्हा वरून कर लावणे अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये दिला होता. आधी न सांगता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावण्याबाबतही डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. अर्थात बिल हातात असले तरच हे सारे सोपे.

कोपऱ्यावरचे दुकान

शेवटी एक गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही. मोठ्या दुकानात तेल पाच रुपयांनी स्वस्त मिळते, म्हणून आपण कोपऱ्यावरच्या अंगडीत फक्त कोथिंबीर आणि काडेपेटी घ्यायला जातो. पण पगार लांबला तर वहीत मांडून कोण देते? २०२० च्या टाळेबंदीत घराशी पीठ-तांदूळ कुणी पोचवले? 'घेऊन जावा की अक्का, पैसे कुठं पळून जातात?' हे वाक्य कुठल्या कूपनावर छापलेले नसते, पण अडल्या वेळी ते शेकडो रुपयांचे असते. वर रिक्षाभाडे किंवा पेट्रोल धरले, तर त्या पाच रुपयांतले किती उरतात तेही पाहावे. आणि ज्या बिग बझारने देशाला सेलची सवय लावली, ती दुकाने २०२२ पासून त्या नावाने राहिली नाहीत. कोपऱ्यावरचे दुकान अजून उघडे आहे.

म्हणून वाटणी करावी. साबण, पावडर, तेल असा टिकाऊ आणि वजनदार माल महिन्यातून एकदा, यादी करून, जिथे भाववही सांगेल तिथे घ्यावा. रोजचे वाणसामान जवळच्या दुकानात. कापड हंगाम पाहून आणि धान्य सुगी पाहून.

मराठीत आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो आणि शेजारच्या अज्जी 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात. दोन्ही भाषांनी सांगितले, तरी आपले अंथरूण नेमके किती लांब आहे ते मोजलेले नसले, तर पाय कुठवर न्यायचे ते कळणार कसे? येत्या एक तारखेला बाजाराला निघण्याआधी एक वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या पाच जिन्नसांचे गेल्या महिन्याचे भाव लिहा. आठवत नसतील तर जुनी बिले शोधा, नाहीतर दुकानदाराला विचारा. मुलांनाही सोबत बसवा. टक्केवारी शिकायला याहून चांगला धडा पुस्तकात नाही. पुढच्या सेलचा फलक लागेल तेव्हा ही वही पिशवीत असू द्या. मग फलकावर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व राहणार नाही.